राज्यसत्तेचा हात आवरणारे दिवाण : राजा सर टी. माधवराव

एकोणिसाव्या शतकातील हिंदी संस्थानांचा इतिहास चाळू लागले म्हणजे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या परस्परांपासून दूर वसलेल्या तीन राज्यांच्या कारभारात एकच नाव पुनःपुन्हा भेटते. ते नाव राजा सर टी. माधवराव यांचे होय. नावाआरंभीचे ‘टी.’ हे अक्षर तंजावरचे निदर्शक आहे. कावेरीच्या काठी पिढ्यानपिढ्या नांदलेल्या एका देशस्थ मराठी घराण्याचा हा सुपुत्र. कुशल प्रशासक, विद्येचा पुरस्कर्ता आणि सयाजीराव महाराजांच्या बालपणी बडोद्याची धुरा वाहणारा कारभारी म्हणून त्यांची ख्याती आहे, आणि ती यथार्थच आहे. तथापि त्यांच्या कर्तृत्वाचे मर्म त्यांनी उभारलेल्या इमारतींइतकेच त्यांनी मोडलेल्या मक्तेदाऱ्यांत, उठविलेल्या जकातींत आणि राज्यसत्तेला स्वहस्ते घालून दिलेल्या मर्यादांत आहे. सरकारने आपला हात आखडता घेतला म्हणजे प्रजेचा आणि सरकारचाही खजिना कसा भरतो, याचा प्रयोग त्यांनी प्रत्यक्ष राज्यकारभारात करून दाखविला.

माधवरावांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे झाला. घराण्यात राज्यसेवेची परंपरा मोठी होती. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोरचे दिवाणपद भूषविले होते. माधवरावांचे शिक्षण मद्रासच्या सरकारी हायस्कुलात झाले. पुढे ज्याचे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले तीच ही संस्था. तेथील मुख्याध्यापक पॉवेल यांचे ते लाडके शिष्य होते. गणित आणि पदार्थविज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय, आणि हिशेबाची ही दृष्टी त्यांना जन्मभर पुरली. १८४६ साली अभ्यासक्रम पहिल्या श्रेणीत पूर्ण केल्यावर काही काळ त्यांनी तेथेच अध्यापन केले व नंतर मद्रासच्या हिशेबखात्यात नोकरी धरली. १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ हे त्यांचे विद्यार्थी पुढे एकामागून एक गादीवर आले. सुमारे चार वर्षे अध्यापन केल्यावर माधवराव महसुलखात्यात शिरले आणि लवकरच दिवाण पेशकार या जबाबदारीच्या पदावर चढले.

त्या सुमारास त्रावणकोरची स्थिती शोचनीय झाली होती. इंग्रजांना दरसाल सुमारे आठ लक्ष रुपयांची खंडणी द्यावी लागे. नोकरांचे पगार थकले होते, खजिना रिता होता आणि कर्ज वाढत चालले होते. १८५५ साली लॉर्ड डलहौसी यांनी कारभार न सुधारल्यास राज्य खालसा करण्याची तंबी दिली. सातारा, झाशी आणि नागपूर यांचा अंत नुकताच पाहिलेल्या संस्थानिकांना या तंबीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. १८५७ च्या अखेरीस दिवाण कृष्णराव निवर्तले, तेव्हा ही डगमगती नौका अवघ्या एकोणतीस वर्षांच्या माधवरावांच्या हाती आली. १८५८ साली ते दिवाणपदावर कायम झाले.

अशा वेळी सामान्य कारभारी नवे कर बसवितो. माधवरावांनी उलट दिशा धरली. त्यांच्या मते राज्याच्या दारिद्र्याचे कारण करांची कमतरता हे नव्हते. सरकार जेथे असू नये तेथे ठाण मांडून बसले होते, हे ते कारण होते. त्रावणकोरचे सरकार हे त्या काळी राज्यातील सर्वांत मोठे व्यापारीही होते. मिरीची मक्तेदारी अठराव्या शतकात मार्तंडवर्मा महाराजांच्या काळापासून चालत आली होती. शेतकऱ्याने आपली मिरी सरकारने ठरविलेल्या भावाने सरकारलाच विकावी आणि सरकारने ती चढ्या दराने परदेशी व्यापाऱ्यांना द्यावी, अशी ही पद्धत होती. एके काळी या उत्पन्नावर फौजा उभ्या राहिल्या होत्या. परंतु ज्या शेतकऱ्याला बाजारभावाचा लाभ मिळत नाही त्याला नवे वेल लावण्याची उमेद राहत नाही. शिवाय चोरटा माल पकडण्यासाठी पहारेकरी नेमावेत, तर तेच लाच खाऊन माल सोडू लागत. माधवरावांनी १८६० च्या सुमारास ही मक्तेदारी उठविली. मिरीचा व्यापार सर्वांना खुला झाला आणि सरकारने केवळ निर्यातीवरील जकातीवर समाधान मानले.

तंबाखूचा प्रश्न अधिक नाजूक होता. जाफना, कोइमतूर आणि तिरुनेलवेली या भागांतून येणारा तंबाखू सरकार विकत घेई आणि भरमसाट नफ्याने प्रजेला विकी. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा या एकाच वस्तूतून येत असे. ही मक्तेदारी एका झटक्यात मोडली असती तर खजिना कोसळला असता. ती चालू ठेवावी तर कोचीन आणि इंग्रजी मुलूख यांच्या सरहद्दींवरून चोरटा व्यापार वाढत होता, आणि प्रामाणिक व्यापारी मागे पडून कायदा मोडणारे गबर होत होते. येथे माधवरावांच्या स्वभावातील सावधपणा दिसून येतो. त्यांनी प्रथम विक्रीचा दर उतरविला. मग व्यापाऱ्यांना तंबाखू आणण्याची मोकळीक देऊन सरकारी खरेदी-विक्री बंद केली आणि तिच्या जागी आयात जकात बसविली. पुढे हळूहळू ती जकातही कमी केली. दर उतरला की चोरट्या व्यापारातील नफा उरत नाही आणि उघड मार्गाने येणारा माल वाढतो, हा साधा हिशेब त्यामागे होता.

याच धोरणाने त्यांनी शंभराहून अधिक किरकोळ कर रद्द केले. जाती, धंदे आणि झाडे-माडे यांच्यावरील जुन्या पट्ट्यांपैकी कित्येकांचे उत्पन्न वसुलीच्या खर्चाइतकेही नव्हते. परंतु प्रत्येक कराबरोबर दारात येणारा शिपाई आणि त्याची मनमानी प्रजेला सोसावी लागे. १८६५ साली इंग्रज सरकार, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यामध्ये व्यापारविषयक करार झाला व या तीन मुलखांमधील मालाची ने-आण बव्हंशी जकातमुक्त झाली. सरहद्दीवरील चौक्या ओस पडल्या.

त्याच वर्षी जून महिन्यात एक राजघोषणा प्रसिद्ध झाली. माधवरावांच्या सर्व कृत्यांत ती कदाचित सर्वांत दूरगामी ठरावी. त्रावणकोरातील लागवडीखालील जमिनीचा फार मोठा भाग सरकारी मालकीचा होता आणि ती कसणारी कुळे केवळ सरकारच्या मर्जीवर वहिवाट करीत. या घोषणेने त्या जमिनी कुळांच्या झाल्या. ठरलेला सारा भरला की जमीन वारसाने मुलांकडे जाईल, ती विकता येईल, गहाणही टाकता येईल, आणि सरकार मध्ये हात घालणार नाही, असे अभिवचन राज्याने दिले. सर्वांत मोठ्या जमीनदाराने आपले जमीनदारपण आपण होऊन सोडून द्यावे, असा हा प्रसंग होता. त्याचे आर्थिक मर्म सहज ध्यानात येते. नारळाचे झाड लावणाऱ्याला फळासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि जमीन आपलीच राहील याची खात्री असल्यावाचून कोणी थांबत नाही. १८६७ साली दुसऱ्या एका घोषणेने खाजगी जमीनदारांच्या म्हणजे जन्मींच्या कुळांनाही हकालपट्टीपासून संरक्षण मिळाले.

या सर्वांचा परिणाम काही वर्षांतच दिसू लागला. दिवाणपद स्वीकारल्यापासून सहा-सात वर्षांच्या आत राज्याचे कर्ज फिटले. उत्पन्नाच्या बाबी कमी केल्या असता उत्पन्न मात्र वाढत गेले. आलेप्पी बंदराची भरभराट झाली. तेथे १८५९ साली जेम्स डॅरा यांनी काथ्याचा कारखाना काढला आणि १८६२ साली दीपगृह उभे राहिले. डोंगराळ भागात कॉफीचे मळे वाढू लागले. त्या दशकात हिंदुस्थानात सर्वत्रच मालाचे भाव चढले होते, त्याचाही लाभ त्रावणकोरला झाला हे मान्य केले पाहिजे. परंतु चढत्या भावाचा लाभ जुन्या मक्तेदारीखाली शेतकऱ्याच्या घरात कधीच पोचला नसता.

माधवरावांची मर्यादित राज्यसत्तेची कल्पना निष्क्रियतेची नव्हती. व्यापारातून मागे घेतलेला सरकारी हात त्यांनी न्याय, शिक्षण, रस्ते आणि आरोग्य या कामी लावला. १८६६ साली तिरुवनंतपुरम येथे कॉलेजचे वर्ग सुरू झाले आणि त्याच सुमारास तालुक्यांतून मल्याळी शाळा निघू लागल्या. अभियंता बार्टन यांच्या देखरेखीखाली रस्ते, पूल आणि सचिवालयाची भव्य वास्तू तयार झाली. वर्कल येथील डोंगर पोखरून खाडीचा जलमार्ग सलग जोडण्याचे काम त्यांच्याच कारकिर्दीत हाती घेण्यात आले. खाजगी व्यक्तीला जे साधते ते सरकारने करू नये आणि जे एकट्यादुकट्याला साधत नाही ते टाळू नये, असा विवेक त्यांच्या प्रत्येक अंदाजपत्रकातून दिसतो. १८६६ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि आदर्श संस्थान म्हणून त्रावणकोरचा लौकिक देशभर झाला.

तरीही या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. बाजारपेठेत राज्याचा हात आवरणाऱ्या माधवरावांना समाजव्यवहारात तो तितक्या निर्धाराने आवरता आला नाही. नाडार स्त्रियांनी अंगावर वस्त्र कसे घ्यावे हे राज्याने ठरवावे, यापेक्षा सत्तेचा अतिरेक तो कोणता? १८५८–५९ साली यावरून दक्षिण त्रावणकोरात दंगे उसळले तेव्हा दिवाणांनी जुन्या रूढीची बाजू सांभाळण्याचाच प्रयत्न केला. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांचा दाब आल्यावर जुलै १८५९ मध्ये हे निर्बंध शिथिल करणारी घोषणा निघाली. सरकारी शाळांची दारे खालच्या मानलेल्या जातींना बव्हंशी बंदच राहिली आणि ब्राह्मणांसाठी राज्याच्या खर्चाने चालणारी अन्नछत्रेही चालू राहिली. माधवरावांच्या दृष्टीची व्याप्ती मोठी होती, परंतु तीही आपल्या काळाच्या आणि जातीच्या कुंपणापाशी थबकली.

राज्यसत्तेला घातलेली मर्यादा कोणाच्या आधारावर उभी असते, हा कठीण प्रश्न त्यांना स्वतःच्या आयुष्यातच भेटला. १८६० पासून गादीवर असलेले आयिल्यम तिरुनाळ महाराज हे त्यांचेच शिष्य. परंतु जसजशी दिवाणांची कीर्ती वाढली तसतसे दोघांत अंतर पडू लागले. १८७२ साली माधवरावांना पद सोडावे लागले. नियमांनी चालणारे राज्य निर्माण करणाऱ्या या पुरुषाचे स्वतःचे पद मात्र एका व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून होते.

मद्रासला विश्रांती घेत असता त्यांना इंदूरहून बोलावणे आले. १८७३ ते १८७५ या काळात ते तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचे दिवाण होते. तुकोजीराव हे कर्तबगार, काटकसरी आणि प्रत्येक बाबीत जातीने लक्ष घालणारे राजे. त्यांनी संस्थानच्या मालकीची कापडगिरणी काढली होती आणि खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. राजाने व्यापारी व्हावे ही कल्पना जेथे राजाच्याच अंगी मुरलेली होती, तेथे माधवरावांच्या धोरणाला फारसा अवकाश नव्हता. कायद्यांची आणि न्यायखात्याची घडी बसविण्याच्या कामी त्यांनी लक्ष घातले. पुढे दोनच वर्षांत बडोद्याचे संकट उद्भवले आणि त्यांच्या आयुष्याचे अखेरचे मोठे पर्व सुरू झाले.

बडोद्याचा खजिना त्या काळी राजाच्या खाजगी तिजोरीहून वेगळा मानला जात नसे. खंडेराव महाराजांनी मोत्यांचा गालिचा करविला. मल्हारराव महाराजांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या. हा सारा पैसा इजारापद्धतीतून येई. परगण्याचा वसूल जो अधिक बोली देईल त्या इजारदाराला द्यावा, वर त्याच्याकडून नजराणा घ्यावा, आणि मग त्याने रयतेकडून काय आणि कसे उकळले याची चौकशी करू नये, अशी ती रीत होती. १८७३ साली कर्नल मीड यांच्या चौकशी मंडळाने या गैरकारभारावर बोट ठेवले. दादाभाई नौरोजी यांनी अल्पकाळ दिवाण म्हणून सुधारणेचा प्रयत्न केला, पण त्यांना यश येऊ दिले गेले नाही. रेसिडेंट फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपाची चौकशी झाली. तिच्यातील मतभेद मिटले नाहीत, तरी एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणास्तव मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. मे महिन्यात जमनाबाई महाराणींनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळरावांना दत्तक घेतले. तेच श्रीमंत सयाजीराव महाराज. अल्पवयीन राजाच्या नावाने कारभार पाहण्याचे काम माधवरावांकडे आले.

रीजंट या नात्याने त्यांच्या हाती जवळजवळ अनियंत्रित सत्ता होती. ती त्यांनी सत्तेचे नियंत्रण करण्याकडेच वापरली. इजारापद्धती बंद करून सरकारी अधिकाऱ्यांमार्फत ठरीव वसूल सुरू केला. जेथे सारा असह्य होता तेथे तो कमी केला आणि जुन्या थकबाकीत सूट दिली. नजराणे आणि अनेक किरकोळ कर रद्द केले. वसुली करणारा आणि न्याय देणारा हे दोन अधिकारी वेगळे केले आणि सर्वांवर वरिष्ठ कोर्ट स्थापिले. राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा घातली. दरसाल कारभाराचा छापील अहवाल प्रसिद्ध होऊ लागला, आणि ज्या राज्यात हिशेब मागणे हाच गुन्हा होता तेथे सरकार आपण होऊन हिशेब देऊ लागले. शिल्लक पडू लागलेल्या पैशातून शाळा, दवाखाने, डभोईच्या लोहमार्गाचे फाटे आणि बडोदे कॉलेज ही कामे उभी राहिली. १८७७ साली त्यांना ‘राजा’ हा किताब मिळाला. बाहेरून आणलेल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांविषयी बडोद्यात कुरबूरही झाली, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती.

डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले. त्यापूर्वी त्या वर्षी माधवरावांनी त्यांना राजधर्मावर जी व्याख्याने दिली ती पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूप झाली. या पुस्तकाचा आशय असा : राजाची सत्ता अमर्याद नाही; तिचे प्रयोजन प्रजेचे सुख हे आहे; खजिना राजाचा नसून राज्याचा आहे; न्यायाधीशाच्या कामात राजाने हात घालू नये; आणि प्रत्येक गोष्ट स्वतः करू पाहणारा राजा कोणतीच गोष्ट नीट करू शकत नाही. त्रावणकोरात शिष्याकडून पोळलेल्या गुरूने दुसऱ्या शिष्याला दिलेली ही शिदोरी होती. गंमत अशी की, तरुण महाराजांनी अधिकार हाती घेतल्यावर वर्षभराच्या आतच, १८८२ साली, माधवरावांनी बडोद्याचा निरोप घेतला. स्वतःच्या विचाराने चालू इच्छिणाऱ्या राजाला इतका थोर शिक्षक फार काळ जवळ मानवला नाही.

मद्रासला परतल्यावर माधवरावांनी हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथांचे मनन केले. टोपणनावांनी वृत्तपत्रांत लेखही लिहिले. १८८७ साली मद्रासला राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन भरले तेव्हा ते स्वागताध्यक्ष होते. पण कायदेमंडळांच्या विस्ताराच्या प्रश्नावरून मतभेद होऊन १८८९ साली ते सभेतून बाजूला झाले. शहाण्या राजाने आणि विद्वान दिवाणाने सत्तेला आतून लगाम घालावा यावर त्यांचा विश्वास होता. तो लगाम प्रजेच्याच हाती द्यावा, ही नव्या पिढीची मागणी त्यांना पूर्णपणे पटली नाही. १८९१ च्या जानेवारीत त्रावणकोरच्या दहा हजारांहून अधिक नागरिकांनी, परप्रांतीय ब्राह्मणांऐवजी आम्हांस राज्याच्या नोकरीत घ्या, असा अर्ज महाराजांपुढे ठेवला. माधवरावांच्याच राजवटीत निघालेल्या शाळांतून शिकलेली पिढी आता आपला वाटा मागत होती. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ एप्रिल १८९१ रोजी, मद्रास येथे माधवरावांचे देहावसान झाले. तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर त्यांचा पुतळा उभारला गेला आणि त्या पुतळ्यावरून तो चौकच ‘स्टॅच्यू’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

सयाजीरावांनी गुरूची शिकवण जशीच्या तशी घेतली नाही. १९०६ साली सबंध राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून राज्याचा हात त्यांनी माधवरावांच्या कल्पनेहून कितीतरी पुढे नेला. परंतु त्यासाठी लागणारा भरलेला खजिना, हिशेबी कारभार आणि राज्याचा पैसा प्रजेचा आहे ही जाणीव त्यांना रीजन्सीच्या काळातूनच मिळाली. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून गावोगाव ग्रंथालये काढण्याचा उपक्रम आरंभिला, तेव्हा नियम असा होता की गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी तेवढीच सरकारने आणि तेवढीच पंचायतीने द्यावी. गावाने पाऊल टाकल्यावाचून सरकारचे पाऊल पडावयाचे नाही. वर्गणीदारांच्या पै-पैशावर उभ्या राहिलेल्या आणि शंभर वर्षे टिकलेल्या कोणत्याही ग्रंथालयाच्या सभासदाला या नियमातील शहाणपण निराळे समजावून सांगावे लागत नाही. माधवराव तो नियम पाहण्यास हयात नव्हते. पण सरकारने कोठे थांबावे आणि कोठे पुढे यावे, या ज्या प्रश्नाशी ते आयुष्यभर झुंजले, त्याचे एक समाधानकारक उत्तर बडोद्याच्या खेड्यापाड्यांतील त्या लहानशा वाचनालयांत सापडते.